इशारा त्यांचा, अर्ज आमचा

२०२३ साली सरकारनं महाराष्ट्रातल्या लाखो मोबाईलना बोंब मारायला लावली. आठवत असेल. लोकलमध्ये, कारखान्यात, नाक्यावर, खिशाखिशात कर्कश भोंगा वाजला. पडद्यावर मजकूर : ही चाचणी आहे, दुर्लक्ष करा. कुणी दचकलं, कुणी हसलं, कुणी फोन बंद करून परत चालू केला. संध्याकाळपर्यंत सगळे विसरले.

त्या यंत्राला मी नावं ठेवत नाही. साधा एसएमएस एकेका नंबराला जातो, गर्दी झाली की रांगेत अडकतो. हा संदेश टॉवरवरून सुटतो आणि त्या टॉवरच्या टप्प्यात जो जो हँडसेट चालू असेल त्याला गाठतो. नंबर कुणाचा, रिचार्ज संपलाय की आहे, आडनाव काय, टॉवरला पत्ता नसतो. म्हणजे घर बघून दारात न थांबणारा दवंडीवाला या देशाला पहिल्यांदा मिळाला म्हणायचा. जुन्या डबड्या फोनवर तो वाजेलच असं नाही, ते सोडा. माझं भांडण भोंगा वाजल्यानंतरच्या पाच मिनिटांशी आहे.

हवामान खात्याचे चार रंग आहेत. हिरवा, पिवळा, नारंगी, लाल. लाल म्हणजे खात्याच्या भाषेत 'कृती करा'. ठीक. कुठली कृती? टॉवरातला माणूस गाडी बेसमेंटमधून वर काढतो, साहेबाला फोन करतो, आज घरून काम. ही त्याची कृती. टेकडीच्या उतारावर पत्र्याखाली बसलेली बाई कुठली कृती करणार? आणि आपला सफाई कामगार? लाल रंग लागला की त्याची रजा रद्द. तुंबलेल्या नाल्यावर, उघडलेल्या मॅनहोलशेजारी बांबू धरून त्याला उभं राहायचंय. शहराला जो निरोप 'घरात बसा' म्हणून येतो, तोच निरोप आपल्या वस्तीत 'हजर व्हा' म्हणून येतो. इशारा एकच, दोन अर्थ. कुणाला कुठला अर्थ लागू हे आडनावावरून बऱ्यापैकी ओळखता येतं.

नोटिशीचंही तेच. मुंबईत दर पावसाळ्याच्या तोंडावर टेकड्यांवरच्या झोपड्यांना नोटिसा लागतात. दरड येऊ शकते, घर खाली करा, नाहीतर जबाबदारी तुमची. कुठं जा, ते नसतं लिहिलेलं. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरवर डोंगर आला. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरच्या भारत नगरवर अणुसंशोधन केंद्राच्या हद्दीची भिंत आली, १९ माणसं झोपेतच गेली. अशा प्रत्येक मयताच्या मागून एक वाक्य हटकून येतं, आम्ही नोटीस दिली होती. मला तरी ती नोटीस इशारा वाटत नाही. इशारा माणूस वाचावा म्हणून असतो. नोटीस साहेब वाचावा म्हणून.

आता जरा मागं जाऊ. कारण हे इशाऱ्याचं काम आपल्याला नवं नाही. ते आपल्याच गळ्यात होतं.

माझा आज्या तराळ होता. आजच्या पोरांना शब्द ठाऊक नसेल. शंकरराव खरातांच्या आत्मकथेच्या नावात तो आहे, 'तराळ-अंतराळ'. तराळ म्हणजे गावकीच्या कामाची पाळी ज्या महारावर आली तो. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगराची काठी. पाटलानं हाक मारली की चावडी. कुणी मेलं की मयताचा सांगावा घेऊन सोयऱ्यांच्या गावाला पळायचं, ऊन असो की चिखल. साहेब येणार, गावात पटकी आली, रानात वणवा लागला, नदी फुगली, सगळं ओरडून सांगायचं ते तराळानं. पण लांबून. उंबऱ्याला सावली लागता कामा नये. गावाचा कान आम्ही, गावाची जीभ आम्ही, आणि अंग मात्र विटाळाचं. मोबदला काय, तर संध्याकाळी दारोदार मागितलेली शिळी भाकर.

आजी एका पुराची गोष्ट सांगायची. साल तिला सांगता यायचं नाही. रात्रीचं पाणी चढलं, पाटलाचा माणूस आला, आज्या काठी वाजवत अख्खं गाव उठवत फिरला. वाडे उठले, गोठे सुटले, धान्याच्या कणग्या माळ्यावर गेल्या. सगळं गाव जागं करून तो परतला तेव्हा ओढ्याकाठच्या आमच्या वस्तीत पाणी चुलीवरून गेलेलं. आजी म्हणायची, "समद्या गावाला सांगून आला, पर आमाला सांगाया कोन व्हतं?"

या एका प्रश्नावर आपत्ती व्यवस्थापनाची शंभर पुस्तकं ओवाळून टाकावीत.

१८७४ च्या वतन कायद्यानं ही गुलामी इंग्रजांनी कागदावर पक्की करून ठेवलेली. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात त्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं, कामं ठरवा, मोल ठरवा, माणसाला मोकळा करा म्हणून. प्रस्थापितांनी ते जिरवलं. वतनं गेली ती थेट १९५८ च्या कायद्यानं. काम मात्र गेलं नाही. ते कोतवालाच्या डोक्यावर बसलं. नोटीस पोचवा, दवंडी द्या, तलाठ्याच्या मागं पळा. तेही मानधनावर. आम्हाला चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी तरी म्हणा, हे कोतवाल वर्षानुवर्षं मागत आले. गावाला जागं करणाऱ्याची किंमत या राज्यात कधी पगारात मोजलीच गेली नाही, ती भाकरीत नाहीतर मानधनात.

आणि वस्ती कुठं? गावकुसाबाहेर. उताराला, ओढ्याकाठी, मळीच्या कडेला. चांगली, उंच, कोरडी जागा गावानं घेतली आणि उरलेली आपल्याला 'दिली'. शहरात आलो तर नाला, टेकडी, रुळाची कड, डंपिंगची कड. जागा बदलली, पाण्याचा क्रम बदलला नाही. पाणी आधी आपल्याकडे येतं. म्हणजे सगळ्यात आधी पाणी दिसतं तेही आपल्याला. गावातला, शहरातला पहिला साक्षीदार आपली वस्ती असते. खरं तर इशारा तिथूनच निघायला पाहिजे.

पण निघाला तर त्याचं काय होतं?

२ जुलै २०१९. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण रात्री फुटलं. खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसं गेली. धरण गळतंय, हे गावकऱ्यांनी आधीच कळवलं होतं. ज्यांनी पाणी झिरपताना डोळ्यांनी पाहिलं त्यांनी कळवलं होतं. फुटल्यावर तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले, खेकड्यांनी धरण पोखरलं. महाराष्ट्र हसला. मला हसू आलं नाही. खेकड्याला जबाबदार धरायची तयारी आहे, पण भेंदवाडीच्या माणसाला साक्षीदार धरायची नाही, याचा संताप आला. त्याच तारखेच्या पहाटे मुंबईत मालाडला पालिकेच्या जलाशयाची भिंत झोपड्यांवर कोसळली होती. तिथंही तीसच्या आसपास माणसं. एक दिवस, दोन भिंती, दोन्ही सरकारी. दोन्हींच्या खाली कोण राहतं ते सांगायला नको.

वरून खाली आला की त्याला इशारा म्हणतात. खालून वर गेला की तक्रार म्हणतात, नाहीतर अर्ज. इशाऱ्यावर धावपळ होते. अर्जावर आवक क्रमांक पडतो, तोही पडला तर. तिवऱ्याच्या गळतीचा कागद खरं म्हणजे धरणफुटीचा इशारा होता. राज्यातल्या कुठल्याही उपग्रहापेक्षा अचूक. पण त्याच्या डोक्यावर 'विनंती अर्ज' लिहिलेलं असणार, खाली सह्या-अंगठे असणार, आणि अंगठ्यावर हा समाज कधी विश्वास ठेवत नाही.

माळीण आठवा. ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुका. डोंगर खाली आला आणि आदिवासींचं गाव गाडलं गेलं. दीडशेच्या आसपास माणसं. जगाला कळलं कसं? एसटीचा ड्रायव्हर गाडी घेऊन आला आणि त्याला गाव दिसेना. रोजच्या रस्त्यावरून रोज जाणारा माणूस, त्याला जागा ठाऊक होती म्हणून 'नसणं' दिसलं. कंट्रोल रूमला ते दिसलं नव्हतं.

मग इर्शाळवाडी. खालापूर तालुका, १९ जुलै २०२३ ची रात्र. ठाकरांची वाडी, पायवाटेनं चढून जायची. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली आणि शोध थांबवला. सरकारनंच सांगितलं, ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादीत नव्हती म्हणजे इशारा नव्हता. यादी कुणी केली? डोंगरावर पिढ्या काढलेल्या माणसाला कुणी विचारलं का, की बाबा, हल्ली झरे कुठं फुटतात, झाडं कुठं कलतायत, जमिनीला भेग कुठं पडलीय? भूगर्भशास्त्र मला मान्य आहे. पण ज्या शास्त्राला वाडी दिसत नाही, त्यानं वाडीला तरी विचारावं.

नदीचंही बघा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५. राधानगरीला शाहू महाराजांनी सुरू केलेल्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे. पाणी चढलं की आपोआप उघडतात, आणि 'चौथा उघडला' ही बातमी अख्ख्या जिल्ह्यात चहाच्या टपरीवर फिरते. इतकी चांगली, इतकी सोपी इशारा व्यवस्था राज्यात दुसरीकडे क्वचित असेल. शेंबडं पोरगंही फूट सांगतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये फुटाफुटाची बातमी होती आणि तरी दोन्ही जिल्हे बुडाले. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं होडीतून निघाली आणि होडी उलटली. म्हणजे 'पाणी येतंय' हे कळणं आणि 'न्यायला कुणीतरी येतंय' हे असणं, या दोन वेगळ्या गोष्टी. दुसरं म्हणजे, धोका पातळी कुणाची? शहराची ४३ फुटांना सुरू होते. सुतारवाड्यासारख्या सखल भागातल्या माणसाला सामान त्याआधीच डोक्यावर घ्यावं लागतं. त्याच्या उंबऱ्याची पातळी कुठल्याच बंधाऱ्यावर रंगवलेली नाही. रंगवली पाहिजे. विजेच्या खांबावर, विहाराच्या भिंतीवर, लाल पट्टा मारून.

कायदा काय म्हणतो तेही वाचून ठेवा, आपल्या पोरांनी कायदा वाचायची सवय सोडू नये. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५. त्याचं ६१ वं कलम सांगतं की मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश, धर्म यांवरून भेदभाव करायचा नाही. छान. पण मदत आणि भरपाई म्हणजे घर वाहून गेल्यानंतरची गोष्ट. घर वाहायच्या आधी, इशारा देताना भेदभाव करायचा नाही, हे त्या कलमात नाही. मेल्यावर समता.

५४ वं कलम त्याहून भारी. आपत्तीचा खोटा इशारा पसरवला आणि त्यातून घबराट झाली, तर वर्षभरापर्यंत कैद किंवा दंड. अफवा वाईटच, कबूल. आणि कामचुकार अधिकाऱ्यासाठी? आहे ना, ५६ वं आहे. फक्त त्याच्यावर खटला भरायला ५९ व्या कलमानं आधी सरकारचीच परवानगी लागते. ओरडणाऱ्याला पकडायला परवानगी नको, गप्प बसणाऱ्याला पकडायला हवी. मी याला योगायोग मानत नाही.

'घबराट' हा शब्दच तपासून बघावा. साहेबाच्या तोंडी तो हमखास येतो. लोकांना सांगितलं तर घबराट माजेल. भोपाळला १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडमध्ये गॅस सुटला तेव्हा भोंगा नव्हता असं नाही. होता. बाहेरच्या वस्तीसाठीचा मोठा भोंगा सुरू करून थोड्याच वेळात बंद केला, आतल्या कामगारांपुरता चालू ठेवला. कारखान्याची पद्धतच तशी ठेवलेली, किरकोळ गळतीनं बाहेरच्यांनी घाबरू नये म्हणून. पुन्हा पूर्ण वाजला तेव्हा गॅस जयप्रकाश नगरच्या झोपड्यांतून आरपार गेलेला. माणसं घाबरली नाहीत. मेली.

दुसरी बाजूही आहे, तीही सांगतो. मे २०२१, तौक्ते वादळ. इशारे दिवसेंदिवस आधी आले होते, बंदरांवर बावटे चढले होते, मच्छीमार होड्या परतल्या होत्या. तरी बॉम्बे हायजवळ पी-३०५ नावाचा तराफा २६१ माणसं घेऊन समुद्रातच राहिला आणि १७ मे रोजी बुडाला. सत्तरहून जास्त कामगार गेले, पोटासाठी देशभरातून आलेले. त्यांना वादळ येतंय हे ठाऊक नव्हतं का? होतं. पण नांगर उचलायचा हुकूम त्यांच्या हातात नव्हता. ज्याच्या हातात निघून जायचा निर्णय नाही, त्याला लाल रंग दाखवून काय उपयोग? नाका कामगाराचा रोज बुडतो, घरकामवालीचा खाडा धरला जातो. लाल इशाऱ्याच्या दिवशी भरपगारी सुट्टी हाताखालच्या माणसाला, ही मागणी कामगार संघटनांनी अजून नीट लावून धरलेली नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

तर आपण काय करायचं? यावर आपल्यातच वाद आहे, आणि तो मी उघड करतो. मी वस्तीत म्हटलं की आपली इशारा यंत्रणा आपणच उभी करू, पोरांची पाळी लावू. एक मित्र भडकला. म्हणाला, "साल्या, आज्याची काठी बापानं फेकली आणि तू परत तराळकी लावतोस? सरकारचं काम सरकारला करू दे." त्याचा राग खरा आहे. ५६ नंतर आपल्या बापजाद्यांनी हलगी टाकली, दवंडी टाकली, गावानं बहिष्कार घातला तरी टाकली. ती फुकटची चाकरी होती. पण मी त्याला सांगितलं, आज्या गावासाठी ओरडायचा आणि वस्ती बुडायची. आता वस्तीसाठी ओरडायचं. आणि सरकारचं काम सरकारला सोडायचं नाहीच. ते करतंय की नाही याची नोंद ठेवायला तरी पाळी लागतेच. तो अजून पटलेला नाही. शिट्टी मात्र घेऊन गेला.

मोबाईलच्या भरवशावर राहू नका, एवढं तरी कोकणाकडून शिका. ३ जून २०२०, निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. आधीचा इशारा चांगला होता, माणसं हलवली गेली, त्यामुळे जीव पुष्कळ वाचले. हे श्रेय द्यायलाच हवं. पण वादळ आलं तसे टॉवर गेले, वीज गेली, आणि गावंच्या गावं कित्येक दिवस मुकी झाली. २६ जुलै २००५ ला मुंबईतही तेच. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर, आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३. शहराचा एकच इशारा काढला असता तर तो कुलाब्याला खोटा ठरला असता आणि मिठीकाठाला अपुरा. २०२० पासून मुंबईत पुराचा अंदाज देणारी आय-फ्लोज यंत्रणा आहे, ती प्रभागापर्यंत उतरते. प्रभागापासून आपल्या गल्लीपर्यंतचं अंतर आपल्यालाच चालायचंय.

१४ एप्रिलला आपल्याकडे भोंगे किती असतात? भिंती हादरतात. जयंती जोरात झालीच पाहिजे, मी आडवा येणार नाही. पण जून लागला की ते सगळे भोंगे भाड्यानं लग्नाला जातात आणि विहारात एक बॅटरीवरचा हातभोंगा सापडत नाही. वर्गणीतून तो आधी घ्या. वीज गेली तरी चालेल असा. प्रत्येक गल्लीला दोन शिट्ट्या. म्हातारी, आजारी, पोटुशी, अपंग माणसं कुठल्या खोलीत आहेत, याची यादी वहीत, मोबाईलमध्ये नको. शाळेची आणि समाजमंदिराची किल्ली रात्री कुणाकडे असते ते ठाऊक पाहिजे. शिपाई दुसऱ्या गावाला झोपायला जात असेल तर दुसरी किल्ली वस्तीत हवी. कुठल्या वाटेनं उंचावर जायचं ते एकदा दिवसा आणि एकदा रात्री चालून बघा, पोराबाळांसकट. आणि यात बायकांना पुढं घाला. पाणी कुठल्या दगडाला लागलं की घरात शिरतं हे बाईला ठाऊक असतं, आपल्याला नाही.

आणि कागद. भिंत फुगली, नाल्याचा कठडा खचला, टेकडीतून गढूळ पाणी यायला लागलं, की लिहा. पण वर 'विनंती अर्ज' लिहू नका. 'नम्र' नको, 'कृपावंत' नको. विषयाच्या ओळीत लिहा : 'धोक्याचा इशारा'. खाली तारीख, वेळ, जागा, किती इंच भेग, कालपेक्षा किती वाढली. फोटो जोडा. एक प्रत वॉर्डात, एक तहसीलदाराला, एक जिल्हाधिकाऱ्याला, कारण जिल्ह्याच्या आपत्ती प्राधिकरणाचा अध्यक्ष तोच. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. कारकून म्हणेल, असा नमुना नसतो. त्याला सांगा, आजपासून असतो. शिक्का आणि आवक क्रमांक असलेली प्रत विहारात, भिंतीवर, काचेच्या चौकटीत लावा, त्या भेगेच्या फोटोशेजारी.